डालग्याखालचा पंप

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मी बेल्ह्याच्या शाळेत पुन्हा शिकवायला जाऊ लागले. बाळासाठी अंगावरचं दूध काढून ठेवायला हातपंप आणला होता. त्याचे सुटे भाग मी रोज उकळायचे आणि अंगणात धुतलेल्या फडक्यावर वाळत घालायचे. एका बाजारच्या दिवशी घरी आले, तर फडकं रिकामं! पंप सापडला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, वर पीस चिकटलेलं.

मी सासूबाईंवर भडकलेच. "अहो आई, जंतू मारायला उकळला होता ना मी!"

"जंतू मरत्यात गं. पर बाजाराला जाणारं समदं दुधाच्या भांड्याकडं टकामका बघत व्हतं. नजर कुठं उकळून मरती?"

मी तणतणत पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. पंप आणायला वळले, तेवढ्यात त्यांनी पाण्यात मीठ-मोहऱ्या टाकल्या.