किरकोळडोरची बदरुन्निसाखाला

बदरुन्निसाखाला सहा वर्षं स्कॉटलंडात राहून आलीय, असं सौदीतल्या आमच्या इकॉनॉमिक सिटीतल्या यच्चयावत मराठी बायका मानतात. शालनकाकूंचं तर म्हणणं असं, की तिथे तिचा दगडी बंगला आहे, मागे ओढा आहे, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून ती इथे येऊन डबे करते. हे सांगताना शालनकाकू आधी दाराकडे बघतात, मग आवाज पायरी पायरी खाली आणतात आणि शेवटचा शब्द नाकातून सोडतात. "अगं, बोलते कशी बघ ना! दवाखाना गुरुवारी बंद, खाटीक पुलाच्या पलीकडे. राहिल्याशिवाय कळतं होय एवढंऽऽ?"

तर खरं सांगते. खालाने आयुष्यात श्रीवर्धन, मुंबईचा विमानतळ, जेद्दा, राबिग आणि ही सिटी एवढंच पाहिलंय. इब्राहीमचाचा मदिनेला उमरावाल्यांची, म्हणजे यात्रेकरूंची, बस चालवतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. पटतं दोघांचं, भेट होत नाही एवढंच. बंगला नाही. ओढा आहे, पण तो स्कॉटलंडातल्या किर्कलडोर गावाचा आहे आणि गावाच्या वेबसाइटवर त्याचा फोटो आहे. ती वेबसाइट खालाला दोन वर्षं मीच वाचून दाखवतेय.

कारण इफरा तिथे आहे. इफरा म्हणजे खालाची एकुलती एक लेक. किर्कलडोरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. खाला त्या गावाला किरकोळडोर म्हणते. मी पहिल्यांदा दुरुस्त करायला गेले, तर म्हणाली, "अकराशे मानसांचा गाव तो, किरकोळच हाय."

बंदरातल्या चाळीस सड्याफटिंग इंजिनियरांचे डबे खालाच्या स्वयंपाकघरातून जातात, आणि आमचाही एक जातो, कारण आईची ड्युटी. डबा आणायला गेले की खाला पीठ मळता मळता म्हणायची, "वाच गो बाय." मग मी वाचायची. आधी इतिहास. गावाला बाजार भरवायचा हक्क कुठल्याशा राजाने दिला. मग लोकरीची गिरणी आली. गिरणीवाल्याची बायको वारली म्हणून त्याने चौकात घड्याळाचा मनोरा बांधला. मग रेल्वे आली, मग रेल्वे गेली, मग गिरणी गेली.

"मंग मानसं पन गेली," खाला म्हणाली.

"इथे तसं नाही लिहिलेलं."

"लिवायला कशाला लागतं? आमच्या मोहल्ल्यात गिरनी पन नव्हती, तरी गेली."

इतिहासापेक्षा तिला सोयीसुविधांचं पान जास्त आवडायचं. ते मी वेबसाइटवरच्या व्हिडिओतल्या बाईच्या सुरात वाचायची, जणू प्रत्येक वाक्याला ती केक वाढतेय. पोस्ट ऑफिस किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात. पुस्तकांची गाडी दर दुसऱ्या मंगळवारी चर्चसमोर, चाळीस मिनिटं. गावाचा हॉल घड्याळाच्या मनोऱ्याशेजारी, दोनशे खुर्च्या, स्वयंपाकघर, जनरेटर. सार्वजनिक स्वच्छतागृह एक, एप्रिल ते ऑक्टोबर उघडं.

खालाचे हात पिठात थांबले. "आनि नोव्हेंबरात?"

"बंद."

"अगो, पन नोव्हेंबरात मानसं करतात काय?"

याचं उत्तर वेबसाइटवर नव्हतं. खालाला ती काळजी बरेच दिवस पुरली. तशीच दुसरी, लाल फोनच्या डब्याची. त्या डब्यात आता फोन नाही, बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन चालू करायचं यंत्र आहे. खाला म्हणाली, "बरोबर हाय. घरी फोन लागला नाय का झटका बसतोच."

हे सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि या पाठांतराचा काडीचा उपयोग नव्हता. तिने दोनदा व्हिसाचा अर्ज केला. दोन्ही वेळा नकाराचं पत्र मीच वाचलं. अर्जदार भेटीनंतर देश सोडून परत जाईल याची खात्री पटत नाही, असं त्यात होतं. मी केकवाल्या बाईचा सूर लावला नाही. खाला म्हणाली, "लेकीला बगून मी परत येनार नाय असं त्यांना वाटतं." मग पोळपाट पुसत म्हणाली, "मना पन तसंच वाटतं."

जानेवारीत तिकडे बर्फाचं वादळ आलं. सोमवारी सकाळी इफराचा मेसेज आला, "अम्मी, लाईट गेली, जरा गडबड आहे, नंतर बोलते." ते नंतर सोमवारी आलं नाही, मंगळवारी आलं नाही. गावाच्या वेबसाइटवर दोनच ओळी होत्या: वरचा रस्ता बंद, पुलापलीकडे वीज नाही. वृद्धाश्रम पुलापलीकडे. पुढे त्या ओळीही बदलेनात. इब्राहीमचाचा रस्त्यात कुठेतरी बस थांबवून फोन करायचे, "लागला?" खाला म्हणायची, "नाय." मग फोन तसाच चालू, आणि मागून उमरावाल्यांचा गलका.

बुधवारी शाळेतून थेट तिच्याकडे गेले. चाळीस डबे गेले होते. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलं होतं. ते तिचं होतं, सोमवारपासून ती ते वाढायची, झाकायची आणि संध्याकाळी हारिसला, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या रखवालदाराला, देऊन टाकायची. स्वतः चहावर.

"नूपुरबाय," ती म्हणाली, "तुज्या फोनवरून लंडनला लागतं ना? लाव. त्यांच्या तोंडान बोल. त्यांच्यासारकी बोललीस तर ऐकतील."

मला काय, हौसच. दोन वर्षं गावाच्या जत्रेचे, केकस्पर्धेचे व्हिडिओ बघून मी किर्कलडोरी बोलायला शिकले होते. वृद्धाश्रमाला लावला: मेलेला फोन, आवाजसुद्धा नाही. दवाखाना: रेकॉर्ड केलेली बाई, सर्दी झालेली. पोस्ट ऑफिस: घंटी, घंटी, कट. तालुक्याची मदतवाहिनी: बासरी वाजली, तुमचा नंबर एकविसावा, मग विसावा, मग लाईन तुटली. पुन्हा लावला, तर चौतिसावा. औषधाच्या दुकानात एक म्हातारबाबा टेपवर बोलत होते: आज बुधवार, दुपारी बारानंतर गाव बंद.

"बुधवारी का बंद?" खालाने विचारलं. हे तेवढं वेबसाइटवर नव्हतं.

"जुनी पद्धत असेल. अर्धा दिवस दुकानं बंद ठेवतात."

"नमाज असेल त्यांची," खाला म्हणाली. आपल्याकडे नुकतीच असरची अजान होऊन गेली होती आणि खालच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर अर्ध्यावर आलेलं खिडकीतून दिसत होतं. "मंग खाटकाला लाव. तो आत असेल."

"खाला, गाव बंद आहे. बुधवार आहे. वादळ आहे. कोण उचलणार?"

"शटर खाली असला म्हनून मानूस जातो काय? आत बसून ऱ्हातो. आनि त्याचं मटन हाय आत. लाईट नाय. मटन सोडून खाटीक जाईल?"

"बाहेर सगळा बर्फच आहे. मटणाला काय होतंय!"

"मटनाला नाय होत. खाटकाला होतं."

मला ते झाकलेलं ताट दिसत होतं. म्हटलं, "लावा पैज. कोणी उचलला नाही तर तुम्ही आत्ता, माझ्यासमोर, ते ताट संपवायचं."

"आनि उचलला तर?"

"तर म्हणाल ते करीन."

"तर लसून सोलशील. उद्याचा सगळा. आनि मना जेव जेव बोलनार नाय."

लावला. घंटी वाजत राहिली. आठ, नऊ, दहा. मी ताटावरचं झाकण काढायला हात पुढे केला, आणि पलीकडे कोणीतरी फोन उचलून खोकलं.

मी माझं उत्तमातलं उत्तम किर्कलडोरी काढलं. वादळ कसं आहे, मला इफराबद्दल विचारायचं आहे, अगदी सूर वर नेऊन, शेवट गिळून.  पलीकडून गडगडाट. "इज दॅट यू, मॉराग?" खाटकाला वाटलं, गावातलीच कोणी कार्टी त्याची नक्कल करून छळतेय. असल्या दिवशी चेष्टा सुचते, लाज वाटू दे, असं काहीसं बोलून तो फोन ठेवणार, एवढ्यात खालाने फोन हिसकावला.

"इफरा," ती म्हणाली. "इफरा. मदर. इफरा मदर."

तिकडचा गडगडाट थांबला. "आय, इफरा!" आणि मग तो जे बोलत सुटला, ते व्हिडिओतल्या कुठल्याच माणसासारखं नव्हतं. तोंडात गरम बटाटा ठेवून डोंगरावरून घसरावं तसं. मी स्पीकर लावून कान दिले, तरी दहातले तीन शब्द हाती लागले. खाला डोळे मिटून ऐकत होती.

"हॉल," ती म्हणाली. "हॉल बोल्ला. घड्याळाच्या बाजूचा. तिकडं दोनशे मानसं बसतात, रसोई हाय, जनरेटर हाय. म्हाताऱ्यांना तिकडं आनलंय."

मी साध्या शाळेच्या इंग्रजीत विचारलं. बरोबर निघालं. सोमवारी ट्रॅक्टरवर घालून सगळ्या म्हाताऱ्यांना हॉलमध्ये आणलं. इफरा त्यांच्याबरोबर, तीन दिवस बदलीला कोणी पोचू शकलेलं नाही. बर्फावर घसरली, मनगटाला पट्टी आहे, पण बरी आहे. मोबाइल कोणाचाच चालत नाही, दुकानातला हा जुना तारेचा फोन तेवढा चालू. तो रोज सकाळी सूप घेऊन जातो.

"तिनं खाल्ला?"

नाही खाल्लं. सुपात डुकराचं हाड असतं. ती ब्रेड खाते. अंडी होती ती काल संपली.

खालाने ओट्याकडे पाहिलं. चाळीस डबे गेलेल्या ओट्याकडे.

"तिच्याशी बोलता येईल का?" मी विचारलं. शुक्रवारपर्यंत नाही, कदाचित शनिवार. काही निरोप असेल तर तो उद्या सकाळी देईल. "व्हॉट शॅल आय टेल हर, हेन?"

"काय बोल्ला?"

"काय निरोप सांगू, म्हणतोय. आणि तुम्हाला कोंबडी म्हणतोय. तिकडे प्रेमाने म्हणतात."

एरवी ती यावर पोट धरून हसली असती. आता तिने फोन दोन्ही हातांत धरला.  दोन वर्षांत त्या गावातली एकेक पायरी पाठ केलेल्या बाईला सांगण्यासारखं काहीच आठवेना. शेवटी म्हणाली, "गरम पानी पी, बोल." मी ते सांगितलं. त्याने ते तिकडे दोनदा म्हणून पक्कं केलं. आणखी काहीतरी सांगत होता, तेवढ्यात लाईन तुटली. मी पुन्हा लावला, सहादा लावला. नाही लागला.

खालाने मदिनेला फोन केला. "हॉलात हाय," एवढंच म्हणाली, आणि तिकडून चाचांच्या रडण्याचा आवाज आला, म्हणून तिने स्पीकर बंद केला.

मग लसणाची पिशवी माझ्यासमोर ठेवली. दोन किलो होता. मी खाली बसून सोलायला लागले. तिने ताट उचललं, झाकण नीट बसवलं आणि हारिसला द्यायला दाराशी गेली. मी तोंड उघडलं होतं, पण पैज हरले होते, त्यामुळे काही म्हणता आलं नाही.