शिव्या ऐकून घेणारा देव

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक अनुभव लिहितात तेव्हा हात जोडून लिहितात. मला अनुभव आला तो दत्तमहाराजांना शिव्या घालत असताना. त्याची लाज आजही वाटते, पण तेवढं गाळून लिहिलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर होतो. आमचं गाव पंचगंगेच्या काठी, थोरला पूर आला की चारी बाजूंनी पाणी. गावानं वर्गणी काढून एक जुनी पेट्रोलची बोट घेतली होती. इंजिनात ठिणगी पाडायला पॉइंट असतात, उघडझाप करणारे दोन चिमुकले तुकडे. पावसाळी हवेत ते दमट व्हायचे, जळून काळे पडायचे. दर दोन दिवसांनी झाकण उघडा, पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा बसवा. त्या वर्षी म्हटलं, हे दुखणं कायमचं काढायचं. पुण्याहून इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पेटी आणली. तळहाताएवढी, घासायची भानगडच नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, म्हणाला, "जुनं चालतंय न्हवं? मग कशाला हात घालतोस? निदान जुनं सामान तरी जवळ ठेव." माझं डोकं सरकलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्याच्यासमोर जुने पॉइंट भंगारात टाकले. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच सोडलं.

बोट पाण्यात सोडायच्या आधी इंजिनाला नवा रंग द्यायचा आणि पूजा करायची, ही गावाची रीत. मी दत्ताची सेवा म्हणून गुरुवारी उपास धरून रंगाचे दोन हात दिले, हिरवागार तेलरंग. तो खडखडीत वाळल्यावर वर पेटी बसवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू. दादाकडं अशा तोऱ्यात बघितलं की विचारू नका.

श्रावणात पूर चढला. एका सकाळी वहिनी चुलीसाठी सोप्यातल्या ढिगातून शेणी, म्हणजे गोवऱ्या, काढायला गेली आणि तिच्या पायाला घोणस डसली. वहिनी म्हणजे दादाची बायको. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वहिनीनंच मला न्हाऊमाखू घातलं, दत्ताचं नाव घ्यायला शिकवलं. सापावरची लस कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, आणि मध्ये पाणीच पाणी. दादानं तिला उचलून बोटीत निजवलं. पाय डोळ्यांदेखत सुजत होता.

काठावर एक म्हातारे कल्हईवाले चाचा उभे होते. पुरामुळं तीन दिवस गावात अडकलेले, खांद्याला भाता, हातात पोतं. "पावणं, मलाबी पल्याड सोडा की." मी अंगावरच गेलो. "हितं माणूस मरायला लागलंय आणि तुमचं ओझं कुठं वाहू?" वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "घे रं त्यांना. घरात वाट बघत असतील." तिचा शब्द मोडवेना. घेतलं, पण दात-ओठ खात घेतलं.

ऐन मध्यावर इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. बोट गरकन फिरली. दादानं पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एका बाभळीला दोर टाकला म्हणून थांबलो, नाहीतर धारेबरोबर खाली वाहून गेलोच होतो. प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. वायरी बघितल्या, कॉइल बघितली, सगळं धडधाकट. जुने पॉइंट असते तर घटकेत बसवले असते. दादा एका शब्दानं बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वहिनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

मग माझा तोल गेला. बोटीत दत्ताची तसबीर होती, तिच्याकडं बोट करून ओरडलो. "उपास तुझे केले, नारळ तुला फोडला, रंगाचे दोन-दोन हात तुझ्यासाठी दिले! आणि हिला न्यायला निघालास? जिनं जन्मभर तुझं नाव घेतलं तिला? देव हाईस का दगड?" याहून वंगाळ पुष्कळ बोललो, ते लिहीत नाही.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "भाऊ, ही पेटी रंगावरच बसवलीया व्हय?"

"चाचा, गप बसा! हे काय पातेलं न्हाय!"

"न्हाय खरं. पण आमच्यात भांडं घासून उघडं केल्याबिगर कल्हई धरत न्हाय. म्हणून आपलं इचारलं."

"ऐक की रं त्यांचं," वहिनी पुटपुटली.

मी वाकून पेटीखाली बघितलं. ती पेटी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकलेली लागते, तरच विजेला परतीची वाट मिळते. रंगातून वीज जात नाही. स्क्रूच्या आट्यांशी कुठंतरी लोखंड टेकलं होतं, तेवढ्यावर इतके दिवस निभावलं आणि हादऱ्यांनी तेही सुटलं. उद्यमनगरचा फिटर म्हणून मिरवणारा मी! चाचांनी पोत्यातून कानस काढून हातात दिली. पेटी सोडवली, माझाच रंग खरवडला, खाली लोखंड चमकलं. पेटी आवळली, दोरी ओढली. इंजिन धडाडलं. पैलतीरावर जीप मिळाली आणि वहिनीला वेळेत लस टोचली गेली.

पुढं कागलच्या बाजारात चाचा भेटले. मी पायाच पडलो. ते संकोचून म्हणाले, "मला इंजिनातलं काय कळतंय बाबा? तवा तोंडातनं आलं, एवढंच." चमत्कार म्हणायचं की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. वहिनीनं ज्याला बोटीत घे म्हटलं, त्याच्याच तोंडून शब्द आला, एवढं मला पुरे आहे.

दवाखान्यात चौथ्या दिवशी वहिनी उशाला टेकून बसली. मी तिच्या पायाशी डोकं ठेवलं. "वहिनी, मी देवाला लई वाईट बोललो."

"ऐकलं की समदं," ती म्हणाली. "त्यो काय मनावर घेत न्हाय. रागावलास तरी बोललास त्याच्यासंगं. पर भाईर व्हरांड्यात चार दिस एक माणूस बसलाय, त्याला तू अजून च्या पिलास का म्हणून इचारलं न्हाईस."

मी उठलो. दादा भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, अंगावर बोटीतलंच धोतर. देवापुढं नाक घासायला मला कधी जड गेलं नव्हतं, पण व्हरांड्यातली ती दहा पावलं जाताना पाय उचलेनात. शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "दादा, तुझं बरोबर हुतं. मी चुकलो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि बोटीत ज्या माणसानं हूं की चूं केलं नव्हतं, तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. महाराज, तुम्ही वहिनी परत दिलीत, आणि तिच्याबरोबर भाऊही.