तोंडी दिलेली वाट

माझे मामा सुतार. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, मामीसुद्धा. कपाटं ही त्यांची खासियत: जमिनीपासून छताला टेकणारी, जड दारांची, बाहेरून एकही खिळा न दिसणारी. त्यांचं अर्धं आयुष्य भाड्याच्या गाळ्यात गेलं. मालक दर वर्षी म्हणायचा, "यंदा तरी गाळा खाली करा," आणि मामा दर वर्षी म्हणायचे, "बघतो."

मग एक घर विकायला निघालं. दोन खोल्या आणि मागे ऐसपैस शेड. मामांनी शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं, हात पसरले आणि मामीला म्हणाले, "इथे कपाट उभं करून पॉलिश करता येईल गं." तिथेच सौदा झाला म्हणायचा.

घर दुसऱ्या एका घराच्या पाठीमागे होतं. रस्त्यापर्यंत जायला त्याचा स्वतःचा एक बोळ होता, पण इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे फिरावं. मोठं सामान जायचं ते पुढच्या घराच्या अंगणातून. तिथून टेम्पो थेट शेडच्या दाराशी लागायचा. पुढच्या घरात निवृत्त कंपाउंडर राहायचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेलेली.

वकीलबाईंनी सगळे कागद तपासले. "घर स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कसला बोजा नाही, वारस सगळे सह्या करतायत. एकच गोष्ट. खरेदीखतात तुमची वाट म्हणून फक्त बोळ लिहिलाय. टेम्पो जातो ती जागा शेजाऱ्यांची आहे."

"ते जाऊ देतात की."

"देतात ती त्यांची मर्जी. मर्जी माणसाबरोबर संपते. वाटेचा हक्क त्यांच्याकडून लिहून घ्या आणि नोंदवून घ्या. मग पुढे ते घर कोणाचंही होवो, तुमची वाट राहील."

मामांनी मान डोलावली, आणि घरी येताना मामीला म्हणाले, "ज्याच्या शेजारी आयुष्य काढायचं, त्याच्याकडे पहिल्याच दिवशी सही मागायची? घर घेतोय की भांडण?"

खरं तर मागायचीही गरज पडली नाही. खरेदी झाल्यावर मामा भेटायला गेले तेव्हा कंपाउंडर आपणहून म्हणाले, "वाटेचं काय ते लिहून घ्या हो. आधीचे मालक आळशी होते, त्यांनी कधी केलं नाही."

"काका, तुमचा शब्द आहे ना? मी आजवर एका कपाटाचा करार केला नाही. शब्दावर लाकूड आणलं, शब्दावर काम दिलं."

"शब्द माझा आहे. पण मी कुठे कायमचा?"

मामा हसले आणि विषय बदलला. मामी तिथेच बसली होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "ते स्वतः म्हणतायत तर घ्या ना लिहून." मामा म्हणाले, "घेऊ, घाई काय आहे?"

ती वर्षं चांगली गेली. टेम्पो मागे घेताना कंपाउंडर अंगणात उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचे आणि हमखास चुकीच्या बाजूला हात दाखवायचे. टेम्पोवाला त्यांच्याकडे न बघता गाडी लावायचा. मामांनी त्यांच्यासाठी आरामखुर्ची केली. कंपाउंडर अधूनमधून आठवण द्यायचे, "मिस्त्री, तो कागद राहिला." मामांना त्यात स्वतःचा मोठेपणा वाटायचा. समोरचा द्यायला तयार आहे आणि आपल्याला गरज नाही, यात एक ऐट असते.

मग कंपाउंडरांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. मामा भेटायला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने चादरीवर काहीतरी गिरवून दाखवलं. एकदा, पुन्हा एकदा. मुलगी आली होती. ती म्हणाली, "बाबांना पाटी हवीय वाटतं." मामांना कळलं होतं काय हवंय ते. पण मुलीच्या देखत, आजारी माणसाच्या उशाशी सहीचा विषय काढायचा? लोक काय म्हणतील? "आराम करा काका," एवढंच बोलून ते उठले.

त्या दुखण्यातून कंपाउंडर उठले नाहीत.

मुलीने घर विकायला काढलं. घेणारा बायकोला घेऊन आला, सोबत त्याचे वकील. वकिलांनी मागच्या शेडकडे बघून विचारलं, "इथून जायचा कोणाचा लेखी हक्क आहे?" मुलगी खरं तेच बोलली, "बाबांनी कोणाला काही लिहून दिलेलं नाही."

अंगणात विटा पडल्या तेव्हा मामा धावत गेले. नवा शेजारी वाईट माणूस नव्हता. त्याने मामांना बसायला खुर्ची दिली. "आईला जिना चढवत नाही. तिच्यासाठी इथे खोली बांधतोय. जागा मोकळी आहे म्हणूनच हे घर घेतलं. तुमच्याकडे कागद असता तर मी दुसरं घर बघितलं असतं."

मामा वकीलबाईंकडे गेले. त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. "दावा लावता येईल," त्या म्हणाल्या, "पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. तुम्ही परवानगीने जात होतात, हक्काने नाही. आणि तुम्हाला बोळ आहेच, कोर्ट म्हणेल, तिकडून जा."

"बोळातून कपाट जात नाही, बाई."

"माहीत आहे."

शेडमध्ये तेव्हा एक कपाट तयार होत आलं होतं, एका डॉक्टरीणबाईंचं. खिळ्याविना बसवलेले, सरस पिऊन घट्ट झालेले सांधे. ते उकलणार नव्हते. मामांनी करवत घेतली आणि ते मधोमध कापलं. मी त्या दिवशी तिथे होते. दोन तुकडे आडवे करून आम्ही बोळातून नेले. बोळाच्या भिंतींना घासून पॉलिश गेलं. डॉक्टरीणबाईंनी कपाट घेतलं, पण जोडाच्या जागी बोट फिरवून बघितलंच.

त्यानंतर मामा स्टूल, पाट, छोटे कप्पे करू लागले. काम मिळायचं, वाईट नव्हतं. पण कोणी मोठ्या कपाटाचं विचारलं की म्हणायचे, "आता होत नाही," जणू हातच थकलेत. मला एकदा म्हणाले, "बैल गेला नि झोपा केला, असं म्हणतात. मी तर झोपाही केला नाही." मग थोड्या वेळाने, "तुझ्या मामीने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

नवी खोली उभी राहिल्यावर शेजारी संकोचत आला. म्हणाला, "आईच्या खोलीला दार करून द्याल?" मामी आतून कान देऊन ऐकत होती. मामांनी विचारलं, "आत उघडणारं की बाहेर?"

दार बोळातून नेता आलं. बसवायला मी बरोबर गेले होते. म्हातारीने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "आवाजसुद्धा नाही हो." मामा चौकटीपाशी वाकून भुसा गोळा करत होते. म्हणाले, "लाकूड चांगलं होतं." मग पिशवी उचलून ते बोळाच्या दिशेने निघाले.