टीव्ही बसेपर्यंत

वैरागडे काका कुणाच्याही घरी गेले की बूट काढून आधी भिंतीपाशी जात. बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून ऐकत, पुढे सरकत. मग एका जागी थांबून यजमानांना सांगत, "इथं लाकूड आहे. बाकी सगळं पोकळ." अमेरिकेतली घरं लाकडाच्या सांगाड्यावर पाट्या ठोकून उभी करतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं नसे. पण वास्तुशांतीला आलेल्या माणसाने हातात प्रसादाचा द्रोण धरून घर पोकळ असल्याचं जाहीर केलं की यजमानांचा चेहरा उतरे.

आम्ही राजधानीजवळच्या हर्नडनला घर घेतलं तेव्हा आमचीही भिंत त्यांनी अशीच तपासली. ते आमचे शेजारी, एक दार सोडून पलीकडचे. बरोबर सुलभाकाकू होत्या. त्या माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "लक्ष देऊ नका. आमच्या लग्नाआधी माझ्या घरी पण असंच ठोकून पाहिलं असेल त्यांनी." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढच्या भिंतीकडे गेले.

काका मूळचे नागपूरचे. इथे येऊन तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधल्या आणि त्या तक्त्यात भरल्या. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, तक्ता सुटला नाही. घरात नवा मिक्सर आला तरी त्याची पंधरा कलमी तपासणी होई, आणि ती संपेपर्यंत काकू जुन्या मिक्सरवरच चटणी वाटत. "टेस्ट झाल्याशिवाय सोडायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच्या पाठोपाठ दुसरं येई, "घाई कोणाला होऊन राहिली?"

घाई काकूंना होती. तीस वर्षांत त्यांनी अमेरिका पाहिली ती पाहुण्यांच्या सोयीने. नायगारा सहा वेळा, कारण भारतातून सहा जण येऊन गेले. राजधानीतली म्युझियम्स तर इतक्या वेळा, की कुठल्या मजल्यावर स्वच्छ बाथरूम आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी पाहुणा बरोबर नसताना डोंगर बघायचे, वाळवंट बघायचं, वाटेल तिथे थांबून स्वतःच्या हातचा चहा प्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. काकांनी ती मनावर घेतली. एका शेतकऱ्याच्या कोठारात साठ वर्षांपूर्वीचा एक छोटा कॅम्पर ट्रेलर पडून होता, तो विकत घेतला.

गाडीच्या मागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर पावाच्या लादीसारखं दिसायचं. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पिवळसर प्लायवूड. आत एक पलंग, एक टेबल, दोन बाकं, दोन शेगड्या आणि हात बुडेल एवढं सिंक. काका ताठ उभे राहिले की छताला केस लागत. शेतकऱ्यानेच तो ड्राइव्ह-वेमध्ये आणून उभा केला. काकूंनी पहिल्याच आठवड्यात त्यात चहा-साखरेचे डबे, मिसळणाचा डबा आणि पोळपाट-लाटणं नेऊन ठेवलं.

"आता निघायचं कधी?" त्यांनी विचारलं.

"टीव्ही बसला की निघू," काका म्हणाले. "तुझी सिरियल चुकवून कसं चालेल?"

टीव्ही बसायला पुढे दोन वर्षं लागली.

मी त्या कामावरचा कायमचा मदतनीस. शनिवारी सकाळी काकांचा मेसेज यायचा, "अजय, अवेलेबल?" आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघायचो. टीव्ही एकोणीस इंची, पण त्या ट्रेलरमध्ये तो नाटकाच्या पडद्याएवढा वाटे. आधी तो टेबलाच्या वर लावला. बाकावरून उठताना काकूंच्या कपाळावर टेंगूळ आलं. तक्त्यात नोंद झाली, "युजर उंच."

मग तो कपाटाच्या दारावर बसवला. चित्र छान दिसायचं, पण वजनाने दार लोंबायला लागलं आणि कपाट उघडेना. आतला मिसळणाचा डबा काढायला आम्हाला आधी टीव्ही उतरवावा लागला. तिसऱ्यांदा काकांनी तो छताला उलटा टांगला. झोपून बघता येईल, अशी कल्पना. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो धप्पकन गादीवर पडला. गादीवर तेव्हा कुणी नव्हतं, आणि काकांनी लिहिलं, "फॉल टेस्ट: पास. स्क्रीन सुरक्षित."

चौथ्या खेपेला त्यांनी पलंगाच्या पायथ्याची भिंत निवडली. पाऊण तास टकटक करून लाकूड शोधलं. पण ते शोधलं साठ वर्षांपूर्वीच्या सुताराच्या सरळपणावर विश्वास ठेवून, आणि त्या सुताराने पट्टी तिरकी मारलेली होती. स्क्रू प्लायवूडमधून आणि पत्र्यातून आरपार जाऊन बाहेर डोकावला. पुढच्या पावसात पाणी आत आलं, गादी भिजली, आणि ती वाळवण्यात उन्हाळा गेला. शेवटी मागून जाड फळी लावून, बोल्ट घालून, टीव्ही धरणारा, हवा तसा वळणारा लोखंडी हात बसवला. टीव्ही बसला. वेगळी बॅटरीही बसली.

मला वाटलं, सुटलो. काका म्हणाले, "आता व्हायब्रेशन टेस्ट."

रस्त्यावरचे खड्डे कसे सोसेल, हे रस्त्यावर न जाता तपासायचं होतं. गणपतीच्या आरतीला घरी आलेल्या सहा जणांना काकांनी ट्रेलरमध्ये नेलं आणि उड्या मारायला सांगितलं. त्यात एक हृदयरोगतज्ज्ञ होते आणि एका बँकेच्या व्हाइस प्रेसिडेंट होत्या. सगळे रेशमी कपड्यांत, छताला डोकं लागू नये म्हणून वाकून, एका लयीत उडत होते. काका दारात उभे राहून टीव्हीकडे बघत होते. "अजून थोडं. खड्डा समजून उडा," असं सांगत होते. टेक्सासमधून आलेली त्यांची मुलगी केतकी खिडकीतून हे पाहत होती. ती फ्रिस्कोला राहते. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिश. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ कॅम्पर. पीपल जस्ट गो."

"जस्ट गो करणाऱ्यांचीच गाडी रस्त्यात बंद पडते," काका म्हणाले.

त्या दिवशी सगळे जेवत असताना काकू ट्रेलरमध्ये एकट्या गेल्या आणि मिसळणाचा डबा घेऊन परत आल्या. दर वसंतात त्या डबे आत नेत आणि थंडी आली की परत आणत. यंदा थंडी यायची होती. मी विचारलं, "आत्ताच?" त्या म्हणाल्या, "हळद जाळी धरते रे तिथं." चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. जेवण झाल्यावर त्यांनी केतकीला विचारलेलं मी ऐकलं, "तुझ्याकडे मी एकटी येऊन राहिले तर चालेल का गं?"

पुढच्या महिन्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. ड्राइव्ह-वेमध्ये ट्रेलर ठेवणं नियमात बसत नाही, तीस दिवसांत हलवा. आमच्या कॉलनीत पडद्यांचा रंगसुद्धा समिती ठरवते. दोन वर्षं त्यांनी काहीच कसं म्हटलं नाही, याचंच मला आश्चर्य होतं. नंतर कळलं, समितीच्या अध्यक्षांना काका दर महिन्याला ट्रेलर "अंडर टेस्टिंग" असल्याचा लेखी अहवाल पाठवत होते. अध्यक्ष बदलले आणि अहवाल वाचणारं कुणी राहिलं नाही.

तीन मैलांवर ट्रेलर ठेवायचं एक आवार होतं. तिथे न्यायचं ठरलं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा काकांच्या मोठ्या गाडीला ट्रेलर जोडलेला होता. काका स्टिअरिंगवर, मी शेजारी. काकू पायरीवर उभ्या. काकांनी आरसे नीट केले. सीट पुढे घेतली, मागे घेतली. मग म्हणाले, "अजय, टीव्हीचा हात लॉक आहे का पाहून ये."

मी पाहून आलो. लॉक होता.

"बॅटरीची वायर?"

ती पाहून आलो. ठीक होती.

"परत एकदा हात पाहशील?"

तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा गाडी सुरू होती आणि काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. हवेत गारवा होता, तरी त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मागं एवढं काही बांधून मी कधी चाललो नाही रे. वळताना ते कुठं जाईल, मला दिसत नाही. ट्रेलर घेतला त्याच दिवशी मला हे समजलं होतं."

दोन वर्षं मी टीव्ही बसवत नव्हतो, काकांचं निघणं पुढे ढकलायला मदत करत होतो. आणि स्क्रू-ड्रायव्हरही माझाच.

खिडकी उघडी होती. काकू केव्हा जवळ आल्या, कळलं नाही. त्यांनी दार उघडलं. "उतरा," त्या म्हणाल्या. "मागे बसा."

काका उतरले. काकू सरळ पलीकडच्या लिंडाकडे गेल्या. लिंडा सत्तरीची, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. स्लिपर घालूनच आली आणि एका दमात ट्रेलर रस्त्यावर काढून आवारात नेऊन लावला. परत येताना काकू तिच्या शेजारी बसल्या होत्या. घरापाशी उतरताना त्यांनी विचारलं, "लिंडा, टीच मी?"

शिकवणी शनिवारी एका ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये असे. ते ऑफिस आठवडाभरही रिकामंच असतं, कारण सगळे घरून काम करतात, पण पार्किंगच्या रेघा मात्र दर वर्षी नव्याने रंगवतात. लिंडाने एकच युक्ती शिकवली: मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्यायचा. चौसष्ट वर्षांच्या सुलभाकाकू सलवार-कमीज आणि स्पोर्ट्स शूज घालून ते करत राहिल्या. खुणेसाठी मांडलेले नारिंगी ट्रॅफिक कोन पहिल्या दिवशी नऊ आडवे झाले.

नऊ हा आकडा मला माहीत आहे, कारण काकांनी तो लिहिला. ते कडेला घडीच्या खुर्चीत पाटी-कागद घेऊन बसत आणि प्रत्येक फेरीला पास-फेल भरत. तिसऱ्या शनिवारी काकूंनी गाडी त्यांच्यासमोर आणून थांबवली आणि काच खाली केली.

"अहो, तो कागद गाडीत ठेवा, नाहीतर घरी जा. मला दोन्ही चालेल."

काका उठले, कागद गाडीत टाकला आणि पडलेले कोन उचलून उभे करायला लागले. ते काम त्यांनी शेवटपर्यंत केलं, आणि फार नीट केलं.

वसंतात ती दोघं शेननडोआच्या डोंगरांत निघाली. पहिला दिवस म्हणून मी माझ्या गाडीने मागे गेलो. काकूंनी घाटातली वळणं अशी घेतली की मागे मीच जास्त घाबरलो होतो. कॅम्पग्राउंडवर पोहोचल्यावर काकांनी टीव्ही लावला. डोंगरात एकही चॅनल दिसेना. ते जराही डगमगले नाहीत. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात सिरियलचे दोनशे भाग भरून आणले होते. "सुलभासाठी," ते म्हणाले.

सुलभाकाकू तोवर काठी घेऊन पायवाटेला लागल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर गेलो. चढावर दम खायला थांबलो तेव्हा विचारलं, "काकू, तुमची सिरियल?"

त्या हसल्या. "माझी कुठली? मी पोळ्या लाटत असते, कानावर पडते तेवढी. बघतात ते. कोणी रडलं की डोळे यांचे पाणावतात. सगळ्यांना सांगतात, सुलभाला आवडते."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कशाला? माझ्या नावावर चालून राहिलं, चालू दे." आणि त्या पुढे चालायला लागल्या.

खाली परतलो तर काका पलंगावर पाय पसरून बसलेले. पडद्यावर कुणाची तरी सून घर सोडून निघाली होती. आमची चाहूल लागताच त्यांनी चष्मा पुसायला घेतला. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि बाकावर काकांच्या बाजूला बसायला जागा केली.

गेल्या वर्षी त्यांनी हर्नडनचं घर विकलं आणि केतकीजवळ फ्रिस्कोला राहायला गेले. सामान ट्रकने गेलं. ही दोघं ट्रेलर घेऊन, थांबत थांबत, आठवड्याने पोहोचली. निघाले त्या सकाळी मी आणि लिंडा रस्त्यावर उभे होतो. काका नेहमीसारखे शेजारच्या सीटवर, मांडीवर नकाशा. मला म्हणाले, "ड्रायव्हिंगला मला हल्ली पाठीचा त्रास होतो, म्हणून तिला दिलं." मी मान हलवली. लिंडानेही मान हलवली, आणि तिला तर मराठी येत नाही.

पोहोचल्यावर काकूंचा फोन आला. टेनेसीमध्ये कुठेतरी त्या पेट्रोल भरत होत्या. एक म्हातारा ट्रकवाला ट्रेलर पाहून कौतुकाने जवळ आला. त्याने काकांना विचारलं, एवढा जुना ट्रेलर ओढत इतक्या लांब चालवता, कठीण जात नाही का? काकूंना वाटलं, आता पाठीचा त्रास निघणार.

"काय म्हणाले असतील?" काकूंनी मला विचारलं.

"काय?"

"म्हणाले, 'माय वाइफ ड्राइव्हज. आय गेट स्केअर्ड.' असं सरळ. त्या अनोळखी माणसाला. अडतीस वर्षांत घरात कधी बोलले नाहीत रे. पेट्रोलची नळी तशीच हातात धरून मी उभी."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"टाकी भरली होती. नळी जागेवर ठेवली, गाडीत बसले. ते तोवर बेल्ट लावून तयार होते."