मधमाशीचं काम

सकाळी गच्चीवर गेलो तर शेजारच्या सुमनकाकू भोपळ्याच्या वेलापाशी बसल्या होत्या. नराचं पिवळं फूल तोडून, पाकळ्या काढून, आतली परागाने माखलेली दांडी त्या मादीच्या फुलात अलगद फिरवत होत्या. त्या फुलाखाली बोराएवढा भोपळा आधीपासूनच होता.

“काकू, हे काय करताय?”

“मधमाशीचं काम,” वर न बघता त्या म्हणाल्या. “पराग मिळाला नाही तर हे पोर पिवळं पडून गळतं. रोज तेच वेचून टाकतेय.”

गेल्या महिन्यात सोसायटीने पाण्याच्या टाकीखालचं पोळं औषध मारून काढलं. मुलांना माश्या चावतील म्हणून. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं होतं!

फूल किती तयारी करून बसतं. पाकळ्यांना रंग, तळाशी मध, पोटात बीजांडं. सगळं कुणीतरी येईल या भरवशावर. येणाऱ्यालाच आपण मारून टाकलंय, हे त्याला सांगायचं कुणी?

कठड्यापलीकडचा शेवगा फुलांनी पांढरा झाला होता. शेंग एकही नव्हती.

“आणि त्याचं काय?” मी विचारलं.

काकूंनी पदराला हात पुसले. “तिथवर माझा हात पोचत नाही रे.”