वायरमनचं बलुतं

साऱ्या चिंचवड भागात वीज खरी कळली ती एकट्या आमच्या कारभारणीला, असं मी कुणालाही छातीठोक सांगतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कामही विजेचंच. ओट्यावर बसून वायरमनसाठी बाजरी निवडली. ती पाखडत होती, मी खडे वेचत होतो आणि बोलणी खात होतो.

घरात दिवा एकच. तोही ती लावू द्यायची नाही. पाहुणा आला की लावायचा, त्यानं वर बघून 'वा' म्हटलं की विझवायचा. एकदा महिनाभर आम्ही निघोज्याला तिच्या माहेरी होतो. घराला कुलूप. तरी बिल आलं. ही पदर खोचून वायरमनला आडवी. "दिवा लावला न्हाई, मग पैसं कशाचं रं? कुलपानं जाळली व्हय वीज?" तो बिचारा म्हणाला, "काकी, हा स्थिर आकार. वापरा नायतर नका वापरू. खांब, तार, मीटर तुमच्यासाठी उभं हाय, त्याचं हे." मला काही उमगलं नाही. ही मात्र खुलली. "मग बलुतं म्हण की! कुंभाराला सुगीला देतो तसं. मडकं लागू दे नायतर न लागू दे."

झालं! वायरमन आमचा बलुतेदार. दसऱ्याला मीटरला हळदकुंकू. पुतणीच्या लग्नात तर तिनं त्याला पंगतीत पाणी वाढायला लावलं, आणि त्यानं वाढलंही. पण सुगीला सूपभर बाजरी पुढं केली की हात जोडायचा. "काकी, मला पगार हाय. धान्य घेतलं तर नोकरी जाईल." ही दरसाल रुसायची. मी म्हणायचो, "अगं, नोकरदार माणूस तो." "तुमाला काय कळतंय? घेत न्हाई म्हंजी घर परकं समजतो. यंदा घ्यायलाच लावते, बघा."

पाखडून झालं, आणि उठता उठता ती जी खाली बसली ती गेलीच. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजरी फडक्यात बांधली. भाऊ आडवा आला. "दादा, सुतकात दान देत न्हाईत." म्हटलं, "दान कुठाय? बलुतं हाय."

चालत चिंचवडात गेलो. वायरमननं माझं भादरलेलं डोकं बघितलं. पिशवीतली पकड, तारा बाहेर काढल्या आणि पिशवीचं तोंड उघडून पुढं धरलं. मी बाजरी ओतली. चार दाणे सांडले. कुणी ओरडलं नाही. मीच खाली बसून वेचले.