फॅटच्या रकान्यात आई

पाटोद्याकडच्या आमच्या गावात तेव्हा टीव्ही एकच होता, दूध सोसायटीचा. लाकडी पेटीत कुलूपबंद असायचा आणि किल्ली सचिवांच्या करदोट्याला. संध्याकाळचं दूध घालायला लोक आले की पेटी उघडायची. त्या दुष्काळात निम्मी जनावरं छावणीवर गेली, दूध आटलं, तरी माणसं रिकाम्या हातानं यायचीच. मीही यायचे. मी आईला शोधायला यायचे.

त्या वर्षी आई-अण्णा दसरा होताच ऊसतोडीला गेले, घरचे बैल सोबत घेऊन. शाळेसाठी मला काकूकडं ठेवलं. निघायच्या वेळी मी आईचा पदर काही सोडेना. मुकादम खेकसत होता. आई घाईघाईत म्हणाली, "रडू नगं. टीवीत उसाचं दावतेत न्हवं का? बगत जा. येखांद्या दिशी दिसन मी तुला."

पोरगी गप बसावी म्हणून बोललेलं ते वाक्य. पण मी पडले हट्टी. मी ते धरूनच बसले.

सचिवांकडं दुधाची जुनी वही मागितली, तर ते म्हणाले, "कावून गं, काकूनं म्हैस घेतली का काय?" मी वही घेऊन पळाले. वहीत छापील रकाने होते: तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट. लिटरच्या खाली मी कार्यक्रमाचं नाव लिहायचे आणि फॅटच्या खाली आई दिसली का ते. शेतीचा कार्यक्रम, न्हाई. बातम्या, न्हाई. लाइट गेली, न्हाई. क्रिकेट, न्हाई. त्यावर काकू हसली, "आगं, क्रिकेटात कुटं दिसंल तुझी माय?" मी म्हटलं, बघायला बसलेली माणसंही दाखवतात की.

माघ संपता संपता एकदा बातम्यांत ऊसतोड आली. बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होत्या. त्यातली एक पाठमोरी होती. फळीच्या मध्यावर थांबून तिनं डाव्या हातानं पदर खोचला. माझी आई डावखुरी. मी ताडकन उठून उभी राहिले. मागची माणसं खाली बस म्हणून ओरडली, तेवढ्यात ते चित्र गेलंही. घरी येऊन फॅटच्या रकान्यात लिहिलं: दिसली. त्या दिवशी काकूच्या हातची भाकरी मी पहिल्यांदा पोटभर खाल्ली.

पाडव्याच्या तोंडावर आई परतली. काळवंडलेली, हाताला चिरा पडलेल्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तोंड धुवायच्या आतच मी वही वाचून दाखवायला बसले. तिनं सगळे 'न्हाई' ऐकून घेतले, एकही ओलांडू दिला नाही. 'दिसली'पाशी आले आणि विचारलं, "तूच व्हतीस ना?"

ती वहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. मीच व्हते."

तो सबंध उन्हाळा मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायचे आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगायचे की माझी आई टीव्हीत आली होती.

पुढं मी शिकले, अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स झाले. एकदा सुट्टीला घरी आले होते. आई शेजारणीशी बोलत होती, "ट्रकाच्या फळीवर मी जलमात चढले न्हाई बाई. आमची बैलगाडीची टोळी. खालूनच गाडी भरायची."

मी पीठ मळत होते, हात तसेच थांबले. ज्यांचे बैल जातात ते गाडी भरतात, ट्रक नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. बैल जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते. मलाच कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

शेजारीण गेल्यावर मी विचारलं, "मग तवा व्हय कावून म्हणलीस?"

आई ज्वारी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "येवढे 'न्हाई' वाचून दावलेस. त्यात येकच 'व्हय' व्हता. त्यो कसा काढून घिऊ?"

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची लई आठवण येते. वही माझ्याकडं आहे, ती नोंद मी खोडलेली नाही. दिवाळीनंतर बातम्यांत ऊसतोड दाखवतात, तेव्हा मी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येते. त्या फळीवर ती कधीच नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी उभ्यानंच बघते, आणि शेवटची बाई चढून जाईपर्यंत खाली बसत नाही.